जांभळी पिशवी आणि सासूबाईंचं वरण

"डॉक्टर, नमस्कार. माझ्या सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत. मागच्या वर्षी लकवा झाला, उजवी बाजू गेली, तेव्हापासून अंथरुणातच असतात. लघवीला नळी आहे. कमरेखाली जखम झालीये, ती भरत नाही. परवा सकाळी पाहिलं तर लघवीची पिशवी पिकल्या जांभळासारखी झालेली, नळीसुद्धा. शेजारच्या काकू म्हणाल्या, बाहेरचं काहीतरी आहे, उतरवून टाका. रात्रीची मावशी म्हणाली, किडन्या गेल्या. पुण्याच्या भाच्याने नेटवर शोधून सांगितलं की हे ट्रिप्टोफॅनमुळे होतं, ते दुधा-डाळीत असतं, तर ते बंद करा. म्हणून आता नुसती भाताची पेज देतोय. आणि गंमत म्हणजे अमेरिकेतल्या नणंदेने आईला झोप लागत नाही म्हणून गोळ्या पाठवल्यात, त्यांच्यावर पण ट्रिप्टोफॅनच लिहिलंय! लकव्यानंतर मन खचलं म्हणून एस्सिटालोप्राम चालू आहे. फार दुखलं की ट्रामाडॉल देतो. संडास तीन-चार दिवसांनी एकदा होते. ताप नाही, बोलणं नेहमीसारखं आहे. मी काय करू?"
– एक सून, लातूर जिल्हा

ताई,

पिशवीचं नंतर बघू, आधी वरण परत सुरू करा. दूध, ताक, चालत असेल तर अंडं, जे काही आठवड्यापूर्वी देत होतात ते सगळं आजपासून पुन्हा द्या. पेज हवी तर सोबत असू दे.

ताप नाही, लघवी नीट उतरतेय, सासूबाई माणसं ओळखतात, तर या रंगासाठी रात्रीची गाडी करून पळायची गरज नाही. एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा, एवढं पुरे. मात्र हुडहुडी भरली, ओटीपोटात किंवा पाठीत दुखू लागलं, लघवी उतरायची थांबली, त्या अचानक असंबद्ध बोलू लागल्या किंवा गुंगीत गेल्या, तर थांबू नका. म्हाताऱ्या माणसाला संसर्ग झाला तरी ताप येतोच असं नाही. पुष्कळदा पहिली खूण वागण्यात दिसते आणि ती डॉक्टरांच्या आधी घरच्या सुनेच्या लक्षात येते.

आता भाच्याबद्दल. त्याने वाचलं ते खरं आहे, फक्त त्यातून काढलेला अर्थ उलटा आहे.

ट्रिप्टोफॅन हे प्रथिनांमधलं एक अमिनो आम्ल. वरणातलं, दुधातलं बहुतेक ट्रिप्टोफॅन लहान आतड्यातच रक्तात जातं. थोडं प्रथिन न पचता मोठ्या आतड्यात उतरतं आणि तिथले जंतू ते फोडून इंडोल नावाचा पदार्थ तयार करतात. ई. कोलाय हा जंतू यात इतका पटाईत आहे, की तो ओळखायला प्रयोगशाळेत इंडोल तपासतात. रसायनाचे थेंब टाकले की परीक्षानळीत लाल कडं दिसतं. (हेच इंडोल मोगऱ्याच्या वासातही असतं, अगदी थोडं. जास्त झालं की त्याचा वास कशासारखा येतो ते संडासात कळतं.) इंडोल रक्तातून यकृतात जातं, यकृत त्याचं इंडॉक्सिल करून त्यावर सल्फेट चढवतं आणि हा इंडॉक्सिल सल्फेट किडनी लघवीतून बाहेर टाकते. तुमच्या-माझ्या लघवीत तो रोज असतो. त्याला रंग नसतो, म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही.

नळी बरेच दिवस राहिली की तिच्या आतल्या बाजूला जंतूंचा थर धरतो. त्यांतल्या काहींकडे सल्फेट तोडून टाकणारं विकर (एन्झाइम) असतं: प्रोव्हिडेन्सिया, प्रोटियस, क्लेबसिएला ही त्यांतली नेहमीची नावं. सल्फेट सुटला की उरलेल्या इंडॉक्सिलला हवा लागते आणि त्याची निळी नीळ होते. बरोबर थोडं इंडिरुबिन नावाचं लाल रंगद्रव्यही बनतं. निळा आणि लाल मिळून जांभळा. हे रंग प्लास्टिकला धरतात, म्हणून पिशवी आणि नळी जांभळी दिसते, पण ताजी लघवी काचेच्या बाटलीत धरली तर बहुधा पिवळीच असते. करून बघा, तुमचीच भीती निम्मी होईल.

आणि नीळ म्हणजे खरोखरची नीळ, तोच रेणू. चंपारणच्या शेतकऱ्यांकडून सक्तीने जिची लागवड करून घेतली ती, जीन्सच्या कापडाला असते ती. वनस्पतीत तिचा कच्चा माल पानात तयार होतो, इथे सासूबाईंच्या आतड्यात आणि यकृतात झाला. त्यामुळे शेजारच्या काकूंना सांगा, बाहेरचं काही नाही, सगळं आतलंच आहे. वैद्यकाला हा प्रकार चांगला माहीत आहे. १९७८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यावर टिपण आलं आणि तेव्हापासून जगभरातून अशा नोंदी येत राहिल्यात. बहुतेक वेळा वर्णन एकच असतं: वयस्क बाई, अंथरुणाला खिळलेली, बरेच दिवस नळी, आणि बद्धकोष्ठ.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य रंगाचं नाहीच. "संडास तीन-चार दिवसांनी एकदा होते," हे ते वाक्य. मळ आतड्यात जितका जास्त रेंगाळतो तितका जंतूंना वेळ मिळतो आणि इंडोल वाढतं. रोज साफ होणाऱ्या माणसाने वाटीभर वरण जास्त खाल्लं तरी हे सहसा होणार नाही, आणि चार-चार दिवस न होणाऱ्याने नुसत्या पेजेवर राहूनही हे व्हायचं थांबेल असं नाही. उलट पेजेत चोथा नाही, त्यामुळे पोट आणखी जड होणार. ट्रामाडॉलने आतडं मंदावतं ते वेगळंच, आणि लोह-कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर त्यांचीही भर पडते.

तेव्हा खरा उपचार पोटापासून सुरू करायचा. डॉक्टरांना सांगून आधी गुदद्वाराची तपासणी करून घ्या. पडून असलेल्या माणसाला पुष्कळदा खाली मळाचा खडा अडकलेला असतो आणि त्याच्या बाजूने पातळ गळत राहतं, घरच्यांना वाटतं जुलाब झाले. तो खडा निघेपर्यंत तोंडातून दिलेल्या नेहमीच्या औषधाने फारसा फरक पडत नाही. मग रोज लॅक्ट्युलोजसारखं सिरप, मात्रा डॉक्टर ठरवतील. इसबगोल मात्र जपून. भरपूर पाण्याशिवाय पोटात गेलं तर ते तिथेच फुगून बसतं, आणि पाणी प्यायला कंटाळणाऱ्या माणसाला तर द्यायलाच नको. पपई, शिजवून घोटलेली पालेभाजी, ताक हे चालेल. लकव्यानंतर गिळताना ठसका लागत असेल तर ताक, दूध असं पातळ देऊ नका. घट्ट करून, उशाकडची बाजू उंचावून, चमच्याने द्या.

दुसरं काम नळीचं. नळी आणि पिशवी दोन्ही बदलायची. रबरी, म्हणजे लेटेक्सची नळी दोन ते चार आठवड्यांत बदलावी लागते, सिलिकॉनची बारा आठवड्यांपर्यंत चालते. तुमची कुठली आहे आणि कधी घातली, हे डिस्चार्ज कार्डावर किंवा सिस्टरच्या वहीत असेल. नसेल तर आजपासून कॅलेंडरवर लिहून ठेवा. पिशवी नेहमी कमरेच्या खाली टांगलेली असावी, पण जमिनीला टेकू नये. कूस बदलताना ती गादीवर ठेवायची सवय मावशींना असते, ती मोडा.

लघवीची कल्चर तपासणी डॉक्टरांनी सांगितलीच तर नमुना नव्या नळीतून घ्यायचा. जुन्या पिशवीतला नमुना पाठवला की रिपोर्टमध्ये चार-पाच जंतूंची नावं येतात, मग महागडी इंजेक्शनं सुरू होतात. महिनाभर नळी असलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू असतात. लक्षणं नसताना, निव्वळ रंगासाठी, अँटिबायोटिक देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे; त्याने रंग जाईल आणि औषधाला दाद न देणारा जंतू मागे राहील.

आता डाळ बंद का करायची नाही, ते सविस्तर सांगते. कारण हा सल्ला मी अलीकडे फार ऐकते: अमुक रेणूपासून तमुक वाईट होतं, तर तो रेणूच खाऊ नका.

ट्रिप्टोफॅन आपलं शरीर स्वतः बनवू शकत नाही, ते खाऊनच मिळतं. केंब्रिजमध्ये हॉपकिन्स आणि कोल यांनी ते १९०१ साली दुधातल्या केसीनपासून वेगळं काढलं. पुढे पाचेक वर्षांत हॉपकिन्स आणि एडिथ विलकॉक यांनी उंदरांना मक्यातलं झीन हे एकच प्रथिन देऊन पाहिलं. झीनमध्ये ट्रिप्टोफॅन नसतं. उंदीर मेले. त्याच आहारात ट्रिप्टोफॅन घातलं तर ते जास्त दिवस जगले. मोठ्या माणसाला किलोमागे रोज साधारण ४ मिलिग्रॅम लागतं, म्हणजे ४५ किलोच्या बाईला १८० मिलिग्रॅम. पेलाभर दुधात साधारण ८०-९०, एका अंड्यात ७५च्या आसपास. हे कमीत कमी, तेही धडधाकट माणसाचं. सासूबाईंना जखम भरून काढायची आहे.

शरीरातली नवी प्रथिनं बांधून उरलेल्या ट्रिप्टोफॅनपैकी ९० टक्क्यांहून जास्त एकाच वाटेने जातं. तिला कायन्युरेनिनची वाट म्हणतात आणि ती मुख्यतः यकृतातून जाते. तिच्या टोकाला एनएडी तयार होतं, ज्याच्याशिवाय पेशी अन्नातून ऊर्जा काढू शकत नाही. नायसिन या जीवनसत्त्वापासूनही एनएडी बनतं, म्हणून आहारशास्त्रात हिशोब असा मांडतात की ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅन म्हणजे १ मिलिग्रॅम नायसिन. सेरोटोनिनकडे, म्हणजे मेंदूत निरोप पोचवणाऱ्या रसायनाकडे, जातं फक्त एक-दोन टक्के. जंतूंच्या वाट्याला इंडोलसाठी येतात ते काही टक्के. त्या काही टक्क्यांतल्याही चिमूटभराने पिशवी रंगली, आणि तिच्यासाठी आपण सगळी वाटच कोरडी करायला निघालो!

ही वाट कोरडी पडली की काय होतं, हे दख्खनमध्ये पाहिलेलं आहे. १९६०च्या सुमारास हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत (पुढे ती राष्ट्रीय पोषण संस्था झाली) डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांच्यासमोर पेलाग्राचे, म्हणजे नायसिन कमी पडून होणाऱ्या रोगाचे, रुग्ण येत होते. उन्हाला उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळपट, सोलणारे चट्टे, गळ्याभोवती हारासारखा पट्टा, जुलाब, आणि मनाचा तोल ढळणं. पेलाग्रा हा मका खाणाऱ्या गरिबांचा रोग अशी तोवर जगाची समजूत होती. हे लोक मका नाही, ज्वारी खाणारे होते. पोटाला ज्वारीच, सोबत फारसं काही नाही. ज्वारीत ल्युसिन हे अमिनो आम्ल फार असतं आणि ते ट्रिप्टोफॅनच्या वाटेत अडथळा आणतं, असं गोपालन यांचं म्हणणं होतं. त्यावर पुढे पुष्कळ वाद झाला, काहींच्या प्रयोगांत ते दिसलं, काहींच्या नाही. बी-६ जीवनसत्त्वाचा यात मोठा हात आहे हे मात्र पक्कं, कारण ट्रिप्टोफॅनपासून नायसिनपर्यंतची एक महत्त्वाची पायरी बी-६ शिवाय चढता येत नाही. टीबीच्या औषधांत आयसोनियाझिड असतं, ते बी-६ला निकामी करतं. म्हणून त्याच्या जोडीने बी-६ची गोळी देतात, आणि ती न घेणाऱ्या कुपोषित रुग्णाला क्वचित पेलाग्राही होतो. तुमच्या घरात कुणी टीबीचं औषध घेत असेल तर ती छोटी गोळी फालतू समजून टाकू देऊ नका.

लातूरच्या माणसाला ज्वारीची भीती घालायचा माझा अजिबात हेतू नाही. भाकरीबरोबर वरण, ताक, शेंगदाण्याची चटणी आणि पालेभाजी असेल तर ज्वारी उत्तम. नुसती भाकरी ही अडचण होती, आणि आज सासूबाईंच्या ताटात नुसती पेज आहे.

बेडसोर, म्हणजे पडून पडून झालेली अशी जखम, असलेल्या वयस्क माणसाला किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे त्यांचं वजन ४५ किलो धरलं तर दिवसाला साधारण ५५ ते ६७ ग्रॅम. पेलाभर दूध ६-७ ग्रॅम, अंडं ६ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरण ५-६ ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांचं कूट ७ ग्रॅम. बेरीज करून बघा, सोपं नाहीये. आठवडाभर पेजेवर काढला तर जखम का भरेना, याचं एक उत्तर तिथेच मिळेल. फक्त इथे एक अट आहे. आकडा वाढवण्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासा. रात्रीच्या मावशीचं म्हणणं रंगावरून खरं ठरत नाही, पण त्या वयात किडनी बघून घेणं केव्हाही शहाणपणाचं. किडनी खरंच अधू असेल तर चित्र बदलतं: लघवीतून जायचा तोच इंडॉक्सिल सल्फेट रक्तात साठतो, तिथल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून बसतो आणि डायलिसिसनेही नीट निघत नाही. किडनीला आणि रक्तवाहिन्यांना त्रास देणाऱ्या पदार्थांत त्याची गणना होते. तशा रुग्णाचं प्रथिन किती ठेवायचं हे किडनीच्या डॉक्टरांनी ठरवावं, भाच्याने नाही आणि मीही नाही.

राहता राहिल्या नणंदेच्या गोळ्या. त्या देऊ नका. आज नाही, उद्या नाही, अर्धीसुद्धा नाही.

त्यांच्यामागचा तर्क असा: ट्रिप्टोफॅनपासून मेंदूत सेरोटोनिन होतं, अंधार पडला की पिनियल ग्रंथी त्याचं मेलॅटोनिन करते आणि झोप येते. पायऱ्या बरोबर आहेत. पण शरीरातलं ९० टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन आतड्यात असतं आणि ते मेंदूत शिरू शकत नाही. ट्रिप्टोफॅन शिरू शकतं, पण ज्या दारातून ते शिरतं तिथेच ल्युसिन, व्हॅलिन, टायरोसिन अशी इतर अमिनो आम्लं त्याच्याशी स्पर्धा करत असतात, आणि दुधा-डाळीत ती त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त असतात. म्हणून रात्रीच्या गरम दुधाने झोप लागते ती ट्रिप्टोफॅनमुळे, हे मला फारसं पटत नाही. दूध द्या, ते प्रथिनासाठी. केळ्याचंही तसंच. त्यात सेरोटोनिन असतं म्हणून मन प्रसन्न होतं असे संदेश फिरतात. ते मेंदूत पोचत नाही.

गोळीतलं सुटं ट्रिप्टोफॅन वेगळं, त्याला ही स्पर्धा नसते, त्यामुळे परिणाम होऊ शकतो. म्हणूनच तर काळजी. एस्सिटालोप्राम मेंदूतलं सेरोटोनिन टिकवून धरतं. ट्रामाडॉलही त्याच बाजूचं. त्यावर ट्रिप्टोफॅनची भर घातली तर सेरोटोनिन नको तितकं वाढू शकतं: बेचैनी, घाम, थरथर, पायांना झटके, जुलाब, छातीत धडधड, ताप. बाटलीवर ५-एचटीपी (ट्रिप्टोफॅन आणि सेरोटोनिन यांच्या मधल्या पायरीवरचा पदार्थ) लिहिलं असेल तर आणखी सावध राहा. शरीर सेरोटोनिनला ज्या पायरीवर लगाम घालतं, तीच पायरी या गोळीने ओलांडलेली असते. अमेरिकेत १९८९ साली ट्रिप्टोफॅनच्याच गोळ्यांनी एक साथ आली होती. स्नायूंची भयंकर दुखणी, रक्तात एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या. दीड हजारांवर माणसं आजारी पडली, तिसाहून जास्त दगावली. बहुतेक माल एकाच उत्पादकाकडचा निघाला, तेव्हा दोष त्यातल्या अशुद्धीचा असावा असं मानतात. नणंदेला हे सांगा, पण रागावू नका. लांब राहणाऱ्या लेकीला काहीतरी पाठवल्याशिवाय चैन पडत नाही.

एस्सिटालोप्राम मात्र आपल्या मनाने बंद करू नका, अचानक थांबवलं की चक्कर, अस्वस्थता सुरू होते. ट्रामाडॉलऐवजी पॅरासिटामॉलवर भागेल का, हे डॉक्टरांना विचारा. एस्सिटालोप्रामबरोबरची जोखीम कमी होईल, पोटही सुटेल. झोपेसाठी दिवसा खाट खिडकीपाशी घ्या, दुपारची डुलकी अर्ध्या तासावर आणा, आणि रात्री मावशींचा मोबाइल आणि ट्यूबलाइट दोन्ही बंद. पिनियल ग्रंथीला अंधार लागतो, गोळी नाही.

अजून एक. संसर्ग किंवा मोठी जखम अंगात असली की रोगप्रतिकारक पेशी इंटरफेरॉन गॅमा या रासायनिक संदेशाच्या इशाऱ्यावर ट्रिप्टोफॅन जाळायला लागतात. ती त्यांची युक्ती आहे, काही जंतूंची त्यामुळे उपासमार होते. पण रक्तातलं ट्रिप्टोफॅन घटतं, त्यातून झालेले पदार्थ मेंदूपर्यंत पोचतात, आणि आजारपणातल्या उदासीचा काही भाग त्यातून येत असावा असं मानायला जागा आहे. सासूबाईंचं मन खचलंय ते फक्त लकव्याने, असं धरून बसू नका. जखम भरली, पोट साफ राहू लागलं, की एस्सिटालोप्रामच्या मात्रेचा पुन्हा विचार करायला सांगा.

आणि डॉक्टरांकडे जाल तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा: नळी अजून हवीच आहे का? लकव्याच्या वेळी घातलेली नळी पुष्कळदा काढायची म्हणून कुणाच्या लक्षातच राहत नाही. काही तास काढून बघता येते, मग सोनोग्राफीने मूत्राशयात किती लघवी उरली ते मोजतात. कमी उरत असेल तर डायपरवर आणि वेळच्या वेळी भांडं देण्यावर भागू शकतं. कमरेखालची जखम ओली राहत असेल तर ती भरेपर्यंत नळी ठेवावी लागेल, तो निर्णय जखम बघूनच होईल. क्रिएटिनिनचा आकडा आला की मला कळवा.